पॉक्सो आणि गोवा बाल कायदा: तक्रार कुठे करायची, कोणी करायची, कागद कोणते लागतात

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांत जाण्यासाठी एकही कागद लागत नाही. जन्मदाखला नको, आधार नको, डॉक्टरांचे पत्र नको. अर्जाचा ठरलेला नमुना नाही, शुल्क नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीच्या फेऱ्या मारलेल्या आपल्या गोवेकरांना प्रत्येक कामाआधी फाइल तयार करायची सवय आहे. इथे ती सवय मुलाच्या मुळावर येते. कागद लागतात, पण पुढे, वयाचा प्रश्न निघाला आणि नुकसानभरपाईचा अर्ज आला की. तक्रारीच्या दिवशी तोंडाने सांगितले तरी पुरते.

कायदे दोन, तक्रार एकच

देशभर लागू असलेला पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आहे. गोव्याने त्याच्या नऊ वर्षे आधी, 2003 मध्ये, स्वतःचा बाल कायदा केला होता. त्यामागे इतिहास आहे. मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप. पर्यटनाच्या आडून मुलांचे काय होऊ शकते, हे त्या खटल्याने राज्याला दाखवून दिले.

गोवा बाल कायद्यात 'बाल अत्याचार' ही कल्पना रुंद आहे. शारीरिक, मानसिक, लैंगिक छळ आणि हेळसांडही तिच्यात येते. कलम 8(2) खाली बाल अत्याचारासाठी 1 ते 3 वर्षे कैद आणि 1 लाख रुपये दंड आहे. पॉक्सोतील शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर बऱ्याच कडक झाल्या: प्रवेशी (शरीरात प्रवेश करून केलेल्या) लैंगिक अत्याचाराला किमान 10 वर्षे, मूल 16 वर्षांखालचे असेल तर किमान 20 वर्षे. नातेवाईक, शिक्षक, पोलीस अशा विश्वासातल्या माणसाने तो केला तरीही किमान 20 वर्षे, आणि कमाल फाशी. स्पर्शाच्या गुन्ह्याला 3 ते 5 वर्षे.

कुठला कायदा लावायचा याची चिंता तक्रारदाराने करायची नाही. गोव्यातल्या एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहिता, पॉक्सो आणि गोवा बाल कायदा या तिन्हींची कलमे एकत्र दिसतात. फक्त वाचून घेताना कलम 8(2) आहे का, हे एकदा विचारावे. कायद्यांत विसंगती आली तर पॉक्सो वरचढ.

कोणाला हे संरक्षण मिळते

पॉक्सोखाली 18 वर्षे पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी. मुलग्याच्या बाबतीत घरचे हमखास गप्प बसतात. कायदा असा भेद करत नाही. मूल गोव्याचे असावे लागत नाही. बांधकामावर आलेल्या कामगाराचे मूल असो, दोडामार्गहून आजीकडे आलेले असो वा परदेशी पर्यटकाचे, गुन्हा इथे घडला की इथला कायदा लागतो. 'तिची संमती होती' हा बचाव 18 खाली चालत नाही. याच कारणाने सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमप्रकरणातही पॉक्सो लागतो. त्यावर मतभेद आहेत, पण आज कायदा असा आहे.

तक्रार करणे ऐच्छिक नाही

पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या किंवा घडेल अशी शंका आलेल्या कोणाही व्यक्तीने ते पोलिसांना कळवायचे आहे. आई-वडील, शेजारी, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, कोणीही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर, पुढे गुन्हा सिद्ध झाला नाही तरी, कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढावर होते.

शाळांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. प्रकार कळला की मुख्याध्यापक आधी व्यवस्थापनाला सांगतात, व्यवस्थापन पालक-शिक्षक संघाची बैठक बोलावते, मग कुणी भागशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहा म्हणतो. आठवडा जातो. तेवढ्या वेळात मुलाला चारदा तेच सांगायला लावलेले असते आणि संशयिताला सगळे कळलेले असते. अंतर्गत चौकशी करून खात्री पटल्यावर कळवा, असे कायद्यात कुठेही नाही. शंका पुरे. गावात सरपंच, पंच किंवा देवस्थान समितीसमोर बसून 'मिटवणे' तर सरळ गुन्ह्याकडे नेणारे आहे. हा गुन्हा आपसात तडजोड करून संपवता येत नाही.

हॉटेल, गेस्ट हाऊस आणि होमस्टे चालवणाऱ्यांवर गोवा बाल कायदा आणखी भार टाकतो. कुटुंबीय किंवा रक्ताच्या नात्यातल्या माणसाबरोबर त्या खोलीत राहत असल्याची नोंद नसेल, तर मुलाला खोलीत जाऊ द्यायचे नाही. आवारातल्या, आणि तिथून वाट असेल तर लगतच्या किनाऱ्यावरच्याही मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी मालक व व्यवस्थापकाची आहे. फोटो धुणाऱ्यांनी मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास जवळच्या पोलीस स्टेशनला कळवावे, असेही त्यात लिहिले आहे. फिल्म रोल गेले, पण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तोच प्रसंग येतो आणि तिथे पॉक्सोचे कलम 19 आहेच.

कुठे जायचे

जवळचे कोणतेही पोलीस स्टेशन चालते. पणजीत महिला पोलीस स्टेशन आहे, पण तिथेच जावे अशी सक्ती नाही. प्रकार कळंगुटला घडला आणि कुटुंब वाळपईला राहते, तर वाळपईत झिरो एफआयआर नोंदवता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. फोनवरून 112 किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, दोन्ही चोवीस तास. ऑनलाइन छळ असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार टाकता येते.

तक्रारीला नोंद क्रमांक मिळायला हवा आणि ती वाचून दाखवायला हवी. आपल्याकडे एफआयआर बहुधा इंग्रजीत टाइप होते. मराठी किंवा कोकणीत अर्थ समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. भाषा कळत नसेल तर दुभाषा देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तपास अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि फोन नंबरही द्यावाच लागतो.

मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरे वाटेल अशा जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या देखत घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. आरोपी समोर येऊ द्यायचा नाही.

तपासणी, आणि घरात काय जपायचे

वैद्यकीय तपासणी एफआयआर नोंदवायच्या आधीही होऊ शकते. बांबोळीचे गोमेकॉ असो, मडगावचे जिल्हा इस्पितळ असो वा खासगी दवाखाना, तातडीचे उपचार देण्यासाठी पोलिसांचे पत्र मागता येत नाही आणि उपचार मोफत द्यायचे असतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. बोटांनी करायची ती जुनी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेली आहे. कुणी सुचवली तर नकार द्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून घाई.

अंघोळ घातली असेल, दिवस उलटून गेले असतील, तरीही जा. कपडे न धुता, सुकवून, कागदात गुंडाळून ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा धरून पुरावा खराब होतो. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. मुलाचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ आला असेल तर 'पुरावा म्हणून' नातेवाइकांना पाठवू नका, पाठवणाराच गुन्ह्यात सापडतो. फोन पोलिसांकडे द्या आणि पंचनाम्याची प्रत घ्या.

बाल कल्याण समिती

पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि पॉक्सो खटल्यांसाठीच्या विशेष न्यायालयाला कळवायचे असते. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगळ्या समित्या आहेत. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला तिथे ठेवायचे की हलवायचे, हे समिती तीन दिवसांत ठरवते. इथे पालक घाबरतात, 'मूल काढून नेतील' म्हणून. घर सुरक्षित असेल तर मूल घरीच राहते.

समितीकडे दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक म्हणजे सहायक व्यक्ती, जी तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहते, कोर्टाच्या तारखा कळवते. दुसरी म्हणजे पॉक्सोच्या 2020 च्या नियमांतली तातडीची मदत: प्रवास, कपडे, अन्न अशा गरजांसाठीचे पैसे. समितीने शिफारस केली की आठवड्यात मिळायला हवेत. रोजंदारी बुडवून काणकोणहून पणजीला येणाऱ्या आईला याचा उपयोग मोठा, आणि मागणारे मात्र थोडे.

आता कागद

वयाचा पुरावा सर्वांत महत्त्वाचा, कारण पॉक्सो लागतो की नाही हे त्यावर ठरते. क्रम कायद्याने ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर पंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. जन्मतारीख शाळेत एक आणि पंचायतीत दुसरी असेल तर लपवू नका, दोन्ही वकिलाला दाखवा.

नुकसानभरपाईसाठी एफआयआरची प्रत, वयाचा दाखला, मुलाचे व पालकाचे ओळखपत्र, वैद्यकीय कागद, औषधे व प्रवासाच्या पावत्या आणि मुलाच्या नावे बँक खाते जवळ ठेवा. आरोपी बाप किंवा सावत्र बाप असेल तर खात्यावर पालक म्हणून त्याचे नाव नको. अर्ज विशेष न्यायालयात करायचा. न्यायालय स्वतःहूनही आदेश देऊ शकते. एफआयआर नोंदल्यानंतर केव्हाही अंतरिम भरपाई मागता येते, निकालाची वाट पाहावी लागत नाही. आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाई मिळू शकते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारने पैसे द्यायचे असतात.

रक्कम किती? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना मार्गदर्शक म्हणून मुलांनाही लागू केली, मुलग्यांनाही. तिच्यात बलात्कारासाठी 4 ते 7 लाख रुपये आहेत आणि पीडित अल्पवयीन असल्यास ही मर्यादा दीडपट धरली जाते. त्या योजनेप्रमाणे 80 टक्के रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत राहते. शिक्षण किंवा उपचारासाठी आधी काढायची तर परवानगी लागते.

वकील आणि कोर्ट

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मुलांसाठी आणि महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही असे सांगा. कार्यालये पणजी आणि मडगावला, फोन 15100. सरकारी वकील खटला चालवतोच, पण कुटुंबाला आपला वकीलही नेमता येतो.

गोवा बाल कायद्याखाली पणजीत बाल न्यायालय आहे. सुनावणी बंद दाराआड होते, मुलाला आरोपी दिसू द्यायचा नसतो, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. कायद्याने मुलाची साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. प्रत्यक्षात लांबतो, त्या तयारीने राहा.

मुलाचे नाव, शाळा, आई-वडील, वाडा, यातले काहीही व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आपल्या गावात 'अमुक वाड्यावरची सहावीतली मुलगी' एवढ्यावरून ओळख पटते. पॉक्सोच्या कलम 23 खाली ओळख फोडणाऱ्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद होऊ शकते.

पोलिसांनी नोंदवून घेतले नाही तर

तीच माहिती लेखी स्वरूपात उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार देता येते, साध्या कागदावर, मराठीत. नोंद झाली असेल तर मुख्य गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पुरा व्हायला हवा आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचे आहे. त्या तारखा एफआयआरच्या प्रतीवरच लिहून ठेवा.