शहरी आकाशातील धूमकेतू-निरीक्षण

प्रकाशप्रदूषणाने उजळलेल्या शहरी आकाशात हौशी निरीक्षक नुसत्या डोळ्यांनी, बायनॉक्युलरने, लहान दुर्बिणीने किंवा कॅमेऱ्याने धूमकेतूंचा जो मागोवा घेतात, ते हे निरीक्षण. चंद्र, ग्रह आणि जोडतारे शहरातूनही उत्तम पाहता येतात. धूमकेतू मात्र हुलकावणी देतो आणि नवख्याची पहिली फसगत त्याच्या प्रतीच्या, म्हणजे तेजाच्या मापाच्या, आकड्यापाशी होते (हा आकडा जितका लहान, तितके तेज जास्त).

धूमकेतूची जाहीर होणारी प्रत म्हणजे त्याच्या कोमाचा (केंद्रकाभोवती, म्हणजे घन गाभ्याभोवती, असलेल्या वायू-धुळीच्या आवरणाचा) सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर जेवढे तेज भरेल, त्याचे माप. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो, कधी चंद्रबिंबाहूनही मोठ्या भागावर. म्हणून सातव्या प्रतीचा तारा बायनॉक्युलरमध्ये टिपता येतो, तर त्याच प्रतीचा धूमकेतू आकाशाच्या उजेडात विरून जातो. डिसेंबर २०१८ मध्ये ४६पी/विर्टानेन हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १६ लाख किमीवरून गेला. त्याची प्रत ४ च्या आसपास होती, पण कोमा इतका विरळ आणि विस्तीर्ण होता, की शहरातून तो शोधणे जिकिरीचे झाले.

१७पी/होम्स या धूमकेतूचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याचा उद्रेक झाला आणि दोन दिवसांच्या आत तो सुमारे १७ व्या प्रतीवरून ३ च्या आत आला. तेव्हा तो ताऱ्यासारखा रेखीव होता, त्यामुळे भर शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसला. पुढच्या आठवड्यांत धुळीचा गोळा फुगत सूर्याहूनही मोठा झाला. एकूण तेज त्या मानाने फारसे घटले नाही, तरी शहरातून तो दिसेनासा होत गेला. म्हणूनच शहरी निरीक्षकाने प्रतीआधी कोमा किती घट्ट आहे ते पाहावे. त्यासाठी ० (पूर्ण विरळ) ते ९ (ताऱ्यासारखा) अशी श्रेणी वापरतात.

आणखी एक अडचण वेळेची. धूमकेतू सर्वांत तेजस्वी असतो तो सूर्याजवळ, म्हणजे बहुधा संधिप्रकाशात, क्षितिजालगतच्या धुरकट थरात. जुलै २०२० चा निओवाइज सुरुवातीला असाच पहाटेच्या क्षितिजावर होता. अशा वेळी सूर्य क्षितिजाच्या वर असताना त्या दिशेला बायनॉक्युलर कधीही फिरवू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुर्बिणीपाशी उपाय साधेच आहेत. डोक्यावरून काळे कापड घेऊन डोळ्याला लागणारा आजूबाजूचा उजेड तोडावा, नजर धूमकेतूच्या जागेच्या किंचित बाजूला ठेवावी आणि दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी. दृश्य हलते आणि मघाशी नुसता राखाडी पडदा होता तिथे कापसासारखा पुसट ठिपका क्षणभर जाणवतो. डोळ्याला हालचाल मंद उजेडापेक्षा लवकर कळते. द्विपरमाणू कार्बनच्या सुमारे ५१४ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला वाट देणारा स्वान-बँड फिल्टर वायुबहुल धूमकेतूंना उठाव देतो. धूळ सूर्यप्रकाशच परावर्तित करते, त्यामुळे धूळबहुल धूमकेतूंना त्याचा फायदा नाही. कॅमेऱ्याने काही सेकंदांच्या अनेक प्रतिमा घेऊन त्या ताऱ्यांवर न जुळवता केंद्रकावर जुळवल्या, तर डोळ्याला न दिसणारा कोमाही उमटतो.

प्रतीचा अंदाज घेताना जवळचे तारे कोमाएवढे फुगेपर्यंत दृश्य अस्पष्ट करून तुलना करतात. शहरात कोमाची बाहेरची कड हरवते आणि अंदाज मंद येतो, म्हणून त्या जागी दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रतही नोंदवावी. ही प्रत सोबत असेल, तर ‘धूमकेतू दिसला नाही’ हीसुद्धा उपयोगी नोंद ठरते.