मिटवलेली केस आणि कबूल केलेला गुन्हा

‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’, म्हणजे गुन्हा करणाऱ्याने तो कबूल करून, जखमी माणसासमोर बसून नुकसान भरून काढण्याची पद्धत, म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे आपसात मिटवायचं ना? नाही. हा घोळ आधी निस्तरायला हवा, कारण मिटवणं म्हणजे काय हे आपल्याला फारच चांगलं माहीत आहे.

तालुका कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलावर प्रतिज्ञापत्र टाइप होतं: ‘आमच्यात आपसात समेट झाला असून माझी आता काहीएक तक्रार नाही.’ डोकं कुणी फोडलं, का फोडलं, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. कायद्यालाही हे काही अंशी चालतं. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार (जुन्या कायद्यातलं ३२०) साध्या मारहाणीत जखमी माणूस स्वतः तडजोड करू शकतो, गंभीर दुखापतीत कोर्टाची परवानगी लागते. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार यांत तडजोड नाही. बलात्कारात समेटाचा विचारही नको, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये मदनलाल खटल्यात बजावलं. आणि तडजोडीचा परिणाम? निर्दोष सुटका. कागदावर कुणी काही केलंच नाही.

आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ‘कॉमन जस्टिस’ पाहा. डॅनिएल सेरेड यांनी सुरू केलेली ही संस्था लूटमार, गंभीर मारहाण अशा केसेस घेते. लैंगिक आणि घरगुती हिंसाचाराच्या घेत नाही. इथे सुरुवातच कबुलीने होते. जखमी माणूस तयार हवा, सरकारी वकीलही. मग बरेच दिवस तयारी, आणि त्यानंतर दोघं आपापल्या माणसांसह गोल करून बसतात. झोप लागते का, त्या रस्त्याने जायची हिंमत होते का, हे मारणाऱ्याला समोर बसून ऐकावं लागतं. भरपाई, नोकरी, शिक्षण असं काय काय करायचं ते लिहून ठरतं आणि वर्षभर त्यावर पहारा असतो. पाळलं तर तुरुंग टळतो, मोडलं तर दार उघडंच आहे. मला तरी हे तुरुंगापेक्षा सोपं वाटत नाही.

अर्थात सगळीकडे रिस्टोरेटिव्ह जस्टिस तुरुंगाऐवजी नसतं. न्यूझीलंडमध्ये अशी भेट शिक्षेआधी होऊ शकते. न्यायाधीश ती विचारात घेतात, शिक्षा काय द्यायची ते मात्र तेच ठरवतात.

ब्रुकलिनमध्ये जखमी माणूस ‘नको’ म्हणाला, तर केस नेहमीच्या वाटेने कोर्टात जाते. आपल्याकडे ‘नको’ म्हणणाऱ्याच्या घरी संध्याकाळी गावातली चार माणसं येऊन बसतात, चहा होतो, आणि कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे रे, पोरगं आहे.’