आडोसा वेगळा, गुपित वेगळं

आईला घेऊन मी ज्या दवाखान्यात जातो तिथे नाव लिहून घेणारी मुलगी प्रत्येकाला विचारते, "काय होतंय?" बाकावर तेव्हा दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. ताप-खोकलावाले खणखणीत उत्तर देतात. एखादी बाई टेबलावर वाकून काहीतरी पुटपुटते. मुलगी वहीतून मान वर न काढता विचारते, "पाळीचं का?" बाकावरच्या सगळ्या माना वळतात.

या दवाखान्यातले डॉक्टर तोंडाचे अतिशय पक्के आहेत. निम्म्या गावाची दुखणी त्यांच्या पोटात आहेत, पण घरच्यांनाही ते चकार शब्द सांगणार नाहीत. "आमच्याकडून पेशंटची गोष्ट बाहेर जात नाही," असं ते सांगतात आणि ते खरं आहे. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच ती बाकावर फुटलेली असते, एवढंच.

खासगीपणा आणि गोपनीयता हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जो मूलभूत हक्क मान्य केला, त्याला मराठी बातम्यांत कुणी 'खासगीपणाचा हक्क' म्हटलं, कुणी 'गोपनीयतेचा'. वर्तमानपत्रात हे चालून जातं, दवाखान्यात नाही. खासगीपणा म्हणजे आपला साधा आडोसा: माझं अंग कुणी पाहायचं, माझं बोलणं कुणी ऐकायचं, हे मी ठरवणार. गोपनीयता त्यानंतर सुरू होते. विश्वासाने सांगून झालेली गोष्ट ऐकणारा पुढे कुठे नेतो, हा तिचा प्रश्न. आडोशाला दार लागतं, पडदा लागतो. गुपिताला आवरलेली जीभ लागते, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवरलेला अंगठाही.

हा फरक काही परदेशातून आलेला नाही. चरकसंहितेत शिष्याला दिलेल्या उपदेशात दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. रुग्णाच्या घरात शिरायचं ते ओळखीच्या, आत जायची परवानगी असलेल्या माणसाबरोबरच. आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत. पहिला झाला आडोसा, दुसरं गुपित.

त्यातल्या दुसऱ्यालाच कायद्याने जास्त जपलं आहे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमावलीनुसार व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपितं उघड करता येत नाहीत. त्याला अपवाद आहेत: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार. क्षयरोग २०१२ पासून असा आजार आहे. खासगी डॉक्टरांनाही तो रुग्ण कळवावाच लागतो.

माझ्या मते खरी गफलत इथे होते. गुपिताला अपवाद आहे म्हणजे आडोसाही गेला, असं धरून चालतात. 'सरकारला कळवावंच लागतं' हे वाक्य खिडकीतून मोठ्याने बोललं जातं आणि रांगेतल्या सगळ्यांना टीबी कळतो. कळवायचं होतं सरकारला, रांगेला नव्हे.

एचआयव्हीच्या बाबतीत कायद्याने हे बारकाईने बांधून दिलं आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. रक्तदानाच्या वेळी एकाला एचआयव्ही असल्याचं कळलं, ते बाहेर फुटलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याने रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. होणाऱ्या पत्नीच्या आरोग्याचं पारडं न्यायालयाने जड मानलं, त्याला भरपाई मिळाली नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला. त्यानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. जोडीदाराला मोठा धोका आहे असं त्याला साधार वाटायला हवं. आधी रुग्णालाच 'तुम्ही सांगा' असं समजवायचं. तो सांगणार नाही याची खात्री पटल्यावर 'आता मी सांगणार आहे' हेही त्याला कळवायचं. मग जोडीदाराला समुपदेशन करून समोरासमोर सांगायचं. रुग्ण स्त्री असेल आणि हे कळल्यावर तिला मारहाण होईल किंवा टाकून दिलं जाईल अशी भीती असेल, तर त्यातही संरक्षण आहे. म्हणजे गुपित उघडायची वेळ आली तरी ते एकाच माणसापुढे, दार लावून.

आडोशाबद्दलही एक गैरसमज आहे: आडोसा म्हणजे एकांत. तसं नाही. रुग्णालयं आणि शुश्रूषागृहांसाठी महाराष्ट्राने २०२१ साली आणलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी, असं ती सांगते. म्हणजे खोलीत तिसरं माणूस असूनही आडोसा राहतो, ते माणूस रुग्णासाठी असेल तर. उलट डॉक्टर आणि पेशंट यांच्याशिवाय 'पुढचा नंबर' म्हणून स्टुलावर आणून बसवलेला माणूस असेल तर आडोसा संपला. हे स्टूल मी इतक्या दवाखान्यांत पाहिलंय की ते फर्निचरबरोबरच येत असावं.

गोपनीयतेचा सगळ्यात विनोदी वापर मात्र फाइल मागताना दिसतो. "रेकॉर्ड गोपनीय असतं, देता येत नाही," असं खुद्द पेशंटलाच ऐकवलं जातं. अहो, ते गुपित त्याचंच! तुम्ही फक्त राखणदार. २००२ च्या त्याच नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. 'अधिकार दिलेला' हे महत्त्वाचं. सासूबाई बरोबर आल्या म्हणून सुनेची सोनोग्राफी त्यांच्या हातात द्यायची, याला अधिकार म्हणत नाहीत.

डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून दवाखान्यांत पासवर्ड, बॅकअप यांची चर्चा चालते. ती हवीच. पण तो कायदा डिजिटल माहितीचा आहे. वहीत लिहिलेला आणि वहीतच राहिलेला केसपेपर त्यात येत नाही, आणि पडद्याचा तर प्रश्नच नाही. काउंटरवर रिपोर्टांचा गठ्ठा ठेवून "तुमचा शोधून घ्या" म्हणणाऱ्या लॅबला पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी काय उपयोग?

परवा आईला घेऊन गेलो तेव्हा त्या दवाखान्यात बदल दिसला. टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. काय होतंय ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून मुलीकडे द्यायची, ती डॉक्टरांकडे पोचवते. लिहिता येत नसेल त्याला नुसताच नंबर, दुखणं आत गेल्यावर सांगायचं. बाकावरची माणसं एकमेकांकडे न बघता मोबाइल बघत बसली होती. मला फार बरं वाटलं. निघताना सहज विचारलं, "या चिठ्ठ्यांचं नंतर काय करता?"

"फेकत नाही हो," ती अभिमानाने म्हणाली आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आठवड्याभराच्या चिठ्ठ्या, घड्या उलगडून, खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या.