टाळ्या ऐकू आल्या म्हणजे थेट मुद्रण नव्हे

लोककलेच्या प्रयोगाचे थेट ध्वनिमुद्रण आणि त्याच प्रयोगावरून स्टुडिओत बांधलेला अल्बम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नाशिककर रसिकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कालिदास कलामंदिरात प्रयोग पाहिलेला श्रोता अल्बम घरी ऐकतो आणि ‘ती मजा नाही’ म्हणून कलावंतालाच नावे ठेवतो. टाळ्या-शिट्ट्या कानावर पडल्या की ते थेट मुद्रण, असे छातीठोकपणे सांगणारेही कमी नाहीत. टाळ्या मागाहून घालता येतात; तो पुरावाच नव्हे.

कुलदैवतापुढे घातल्या जाणाऱ्या गोंधळाचे, म्हणजे गोंधळ्यांच्या गाण्या-आख्यानाच्या विधीचे उदाहरण घेऊ. संबळ, तुणतुणे, झांज, पेटती दिवटी, आधी देवतांना आवाहन आणि मग आख्यान, हे वाचकांना ठाऊकच आहे. थेट मुद्रणात ते घडले त्या क्रमाने, चुकांसकट येते. आवाज स्वच्छ की खरखरीत, लांबी किती, हे फरक किरकोळ आहेत.

खरी मेख आहे ती डोळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या भागाची. आख्यान रंगात आलेले असताना साथीदार मध्येच एखादा भाबडा प्रश्न विचारतो, मुख्य गोंधळी तोंडाने काहीच न बोलता नुसती भुवई उंचावून त्याच्याकडे पाहतो आणि सभागृहात हशा पिकतो. थेट मुद्रणात या जागी प्रश्न, क्षणभर शांतता आणि हशा एवढेच उरते; ऐकणाऱ्याला हसण्याचे कारण कळत नाही, पण घडले ते तसेच राहते. प्रयोगाचे स्टुडिओतल्या अल्बमात रूपांतर करणाऱ्याला ही जागा मोकळी सोडून चालत नाही. त्या भुवईऐवजी त्याला एखादी ओळ लिहावी लागते, संबळावर तिरकस ठोका द्यावा लागतो, नाहीतर तो प्रसंगच गाळावा लागतो. आवाहनाचेही तसेच. घरच्या गोंधळात यजमानाचे कुलदैवत वणीची सप्तशृंगी असो की चांदवडची रेणुका, गोंधळी तिच्या नावापाशी अंमळ अधिक रेंगाळतो. अल्बमला यजमानच नसल्यामुळे तिथे सर्वांना चालेल असे आवाहन नव्याने बेतावे लागते. सावकाश चढत जाणारी संबळाची लय पाच मिनिटांत बसवायची, तर ती आरंभापासूनच चढी धरावी लागते. ही काटछाट आजची नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, तेव्हापासून ती चालत आली आहे. म्हणून दोहोंतला फरक ओळखायचा असेल, तर हशा पिकतो तिथे त्याचे कारणही ऐकू येते का, एवढे पाहावे.

माझे मत विचाराल तर घरी ऐकण्यासाठी मी नेकीने केलेले रूपांतरच निवडीन. मला खपत नाही ते अर्धवट मिश्रण: रंगमंचावरचे मुद्रण घ्यायचे, त्यातल्या शांत जागा कापायच्या आणि तुणतुण्याच्या एकट्या तारेखाली कीबोर्डचे गुळगुळीत सूर पसरायचे. वर वेष्टनावर ‘प्रत्यक्ष प्रयोगाचा अनुभव’ असे छापायचे, गीतांना ‘पारंपरिक’ असा शिक्का मारायचा आणि ज्याने त्या भुवईची ओळ केली, त्याचे नाव कुठेच द्यायचे नाही.