होटगी रस्त्यावरच्या टॉवरपर्यंत: विमान नियंत्रकाच्या नोकरीमागचा इतिहास

९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबरला मुंबईचं. तेव्हापासून होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या टॉवरकडे इथली बी.एस्सी.ची आणि इंजिनीअरिंगची मुलं वेगळ्या नजरेनं बघू लागली आहेत. 'एटीसी'ची, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणाची, जाहिरात आली की पात्रता, वय, पगार सगळे वाचतात. पण या भरतीत आवाज का तपासतात, इंग्रजीचा एवढा आग्रह का, हे मागचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

१५ ऑक्टोबर हीच तारीख १९३२ सालीही महत्त्वाची होती. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. आकाश रिकामं होतं, त्यामुळे 'थांबा, खाली दुसरं विमान आहे' असं सांगणाऱ्या माणसाची गरजच नव्हती. ती गरज पडते दुसरं विमान त्याच जागी येऊ लागलं की. लंडनजवळच्या क्रॉयडनला १९२० मध्येच टॉवर उभा राहिला होता. अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस धावपट्टीजवळ दोन झेंडे घेऊन उभा राही: चौकड्यांचा दाखवला की जा, लाल दाखवला की थांब. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडच्या टॉवरमध्ये रेडिओ आला.

झेंडे गेले, पण ती पद्धत गेली नाही. आजही टॉवरमध्ये सिग्नलचा दिवा हाताशी असतो. विमानाचा रेडिओ बंद पडला तर त्याच्यावर दिव्याचा झोत धरतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्यावर भर असतो, त्याचं एक कारण इथे आहे.

रेडिओ आला आणि चुकांची जागा बदलली. आता चूक कानात होऊ लागली. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, उभी राहिली आणि तिनं बोलण्याचे साचे ठरवून दिले. ए, बी, सी या अक्षरांऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द म्हणायची अक्षरमाला १९५६ पासूनची. आपल्या मुलांनी याकडे नीट लक्ष द्यावं. मराठी जिभेला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतला फरक सहज जमत नाही, म्हणून त्यांच्याऐवजी येणारे 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की' हे शब्द मोलाचे. आकड्यांचंही तसंच. शाळेत शिकवलेला 'थ्री' इथे 'ट्री' होतो, 'फाइव्ह'चा 'फाइफ', 'नाइन'चा 'नाइनर', 'थाउजंड'चा 'टाऊसँड'. खरखरणाऱ्या रेडिओवर 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, हे त्यामागचं कारण. सोलापूरची धावपट्टी एका टोकानं १५ आणि दुसऱ्या टोकानं ३३. हे आकडे म्हणजे चुंबकीय दिशेचे अंश, शेवटचं शून्य काढलेले. बोलताना 'वन फाइफ' आणि 'ट्री ट्री' म्हणायचं, 'फिफ्टीन' नाही.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफमध्ये दोन जंबो जेट धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. एका वैमानिकाला उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना मिळाली होती, ती त्यानं उड्डाणाचीच परवानगी समजून घेतली. नियंत्रकाकडून 'ओके' असा सैल शब्द गेला, आणि पुढचे महत्त्वाचे शब्द दोन संदेश एकाच वेळी आल्यानं कर्कश आवाजात बुडाले. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर'. आणि वैमानिकानं सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची, म्हणजे रीडबॅक. नियंत्रकाचं निम्मं काम हे ऐकण्याचं आहे. चुकीचा रीडबॅक कानावरून निसटू दिला तर ती चूक नियंत्रकाचीही होते.

आपल्या देशातला धडा १२ नोव्हेंबर १९९६ चा, हरियाणातल्या चरखी दादरीचा. दिल्लीहून निघालेलं सौदी ७४७ आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६ समोरासमोर आदळले, ३४९ मृत्यू. सौदी विमानाला १४,००० फूट, कझाक विमानाला १५,००० फूट अशी उंची दिलेली होती. नियंत्रकाच्या सूचना बरोबर होत्या, पण कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरलं. इंग्रजीत बोलणारा त्यांचा रेडिओ ऑपरेटर वैमानिकांच्या मागे बसलेला होता. दिल्लीच्या प्राथमिक रडारवर विमान कुठे आहे तेवढं दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. त्यातच जाणारी-येणारी विमानं एकाच मार्गिकेतून. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर मार्गिका वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं दुय्यम रडार आलं, विमानांत टक्करसूचक यंत्र सक्तीचं झालं. इंग्रजीची ठरलेली पातळी सिद्ध करण्याची अट मात्र जगभर २००८ मध्ये आली: किमान पातळी ४, आणि तीही काही वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी लागते.

भारतात हे काम आधी सरकारी नागरी विमान वाहतूक खात्याकडे होतं. प्रयागराजचं, तेव्हाच्या अलाहाबादचं, प्रशिक्षण महाविद्यालय १९४८ चं. १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण झालं आणि १ एप्रिल १९९५ ला ते आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात मिळून आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण तयार झालं. भरती याच प्राधिकरणाची, ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदावर. पुण्याजवळ नोकरी मिळेल असं धरून चालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे.

पात्रता दिसते सोपी, पण अडखळायला होतं. बी.एस्सी. हवी ती भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय घेऊन. इंजिनीअरिंगची कोणतीही शाखा चालते, मात्र एखाद्या सत्रात तरी हे दोन विषय अभ्यासक्रमात असले पाहिजेत. नुसत्या डिप्लोमावर अर्ज करता येत नाही. खुल्या गटाला वयोमर्यादा २७. संगणकावरची परीक्षा पार झाली की कागदपत्रं, आवाज, मानसशास्त्रीय चाचणी, मादक पदार्थांची तपासणी, वैद्यकीय. आवाजाच्या चाचणीत शहरी इंग्रजी लागत नाही, शब्द तुटक आणि स्पष्ट लागतात. भरभर बोलण्याची सवय असेल तर ती आधीच मोडावी.

सोलापूरला या कामाचा आणखी एक पैलू डोळ्यांसमोर घडला. धावपट्टीजवळच्या साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. तिच्यावर शहरात वर्षानुवर्षं वाद झाला. हिशेब मात्र भूमितीचा. उपकरणांच्या आधारे विमान उतरवायच्या अशा धावपट्टीसमोर एक कल्पित उतार धरतात, तो सुरुवातीला दर ५० मीटरला १ मीटर चढतो. एवढी उंच वस्तू या रेषेच्या खाली राहायची तर ती चार किलोमीटरहून दूर हवी. नियंत्रक कोणाची चिमणी पाडत नाही. पण विमानाला किती खाली येऊ द्यायचं, हे अशा अडथळ्यांवरूनच ठरतं.

इथला उन्हाळाही कामात उतरतो. पारा ४३-४४ वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाची आणि पंखांची ताकद घटते, धाव लांबते. म्हणून नियंत्रक वाऱ्यासोबत तापमान आणि हवेचा दाबही सांगतो. दाबाच्या आकड्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंचीमापकात जवळजवळ ३० फुटांचा फरक पडतो, दहाची झाली तर ३०० फुटांचा.

प्रशिक्षण प्रयागराजला, हैदराबादला किंवा आपल्या गोंदियाला. त्यानंतर नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाशेजारी बसून शिकायचं, परीक्षा द्यायची, तेव्हा कुठे एकट्यानं माईक हातात येतो. ही मान्यता त्या ठिकाणापुरती आणि त्या कामापुरती असते. टॉवर, अप्रोच म्हणजे विमानतळाजवळ येणाऱ्या विमानांचं नियंत्रण, आणि लांबच्या मार्गांचं नियंत्रण, प्रत्येकाची वेगळी. बदली झाली की नव्या गावच्या धावपट्ट्या, टेकड्या, मार्ग पुन्हा पाठ करायचे आणि पुन्हा परीक्षा. सोलापूरचा आयकाओ संकेत व्हीएएसएल: व्ही म्हणजे दक्षिण आशिया, ए म्हणजे मुंबई विभाग, एसएल म्हणजे सोलापूर. उजळणी सुरू करायला हीच चार अक्षरं घ्या आणि मोठ्यानं म्हणा: व्हिक्टर, अल्फा, सिएरा, लिमा.