शेवाले: मार्केट्रीच्या करवतीची पार्श्वभूमी

मार्केट्री म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे जुळवून फर्निचरवर नक्षी साकारण्याची कला. तिचे तुकडे कापण्यासाठी पॅरिसचे कारागीर ज्या यंत्रावर मांड टाकून बसत आले, त्याला फ्रेंचमध्ये ‘शेवाले’ म्हणजे लहान घोडा म्हणतात. आपल्याकडे लाकडी तिवईला किंवा आधाराच्या चौकटीला ‘घोडी’ म्हणतात, त्याच जातीचे हे नाव आहे. आज एखादा हौशी सुतार घरी असे यंत्र बनवू लागला, की महागड्या यंत्राची स्वस्त नक्कल चालली आहे असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः शेवाले पहिल्यापासून कारागिराने स्वतःच्या अंगमापाने घडवलेले यंत्र आहे. बसणाऱ्याची उंची, हाताची लांबी आणि नजरेची पातळी यांवर त्याची मापे ठरतात आणि म्हणूनच एकाचे शेवाले दुसऱ्याला सहसा नीट बसत नाही.

हे यंत्र का घडले हे समजण्यासाठी मार्केट्री आणि जडावकाम यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. जडावकामात भरीव लाकडात खाच कोरून त्यात दुसरा तुकडा बसवतात. १७व्या शतकात पोर्तुगीज आश्रयाखाली गोव्यात वापरली गेलेली, सागवानात आबनूस आणि हस्तिदंत बसवलेली कपाटे या प्रकारची आहेत. इटलीतील उर्बिनोच्या राजवाड्यात १४७०च्या दशकात तेथील शासक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्यासाठी बनवलेल्या अभ्यासिकेत लाकडाच्या तुकड्यांतून अर्धवट उघडी कपाटे, पुस्तके आणि वाद्ये साकारली आहेत. त्या काळी अशा कामात मुख्य भर सुरीवर होता. मार्केट्रीत मात्र कोरायची खाच नसते. पार्श्वभूमी आणि नक्षी दोन्ही विनिअरमधून, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून, कापून, एकमेकांत जुळवून, तयार झालेला पूर्ण पापुद्रा सरसाने फर्निचरवर चिकटवतात. येथे सगळी भिस्त कापण्यावर असते. सुरत आणि मुंबईत १९व्या शतकात बनणाऱ्या ‘सडेली’ कामाच्या पेट्यांची रीत आणखी वेगळी होती. त्यात हस्तिदंत, चंदन, आबनूस आणि धातू यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी आडवी कापत आणि प्रत्येक चकतीवर तीच तारकानक्षी उमटे. फुलाची पाकळी किंवा पक्ष्याची मान कापायची असेल, तर ही युक्ती उपयोगाची नाही. तेथे वळणदार रेषेवरून फिरणारी करवतच हवी.

अशी करवत शक्य झाली ती पोलादामुळे. रुंद पात्याला वळता येत नाही आणि अरुंद पाते कच्च्या लोखंडाचे असेल तर ताण दिल्याबरोबर तुटते. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी लागणारी लवचीक, पातळ पोलादी पट्टी हाती आल्यावर तिच्यातून अरुंद पाते काढणे, त्याला बारीक कानशीने दाते पाडणे आणि धनुष्यासारख्या चौकटीत ते ताणून बसवणे शक्य झाले. १६व्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन प्रदेशात आणि नंतर फ्रान्समध्ये हे तंत्र रुजत गेले.

पण पाते कितीही बारीक असले तरी ते लाकडाचा थोडा भुसा करतेच, आणि तेवढी फट कामात उरते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात मूळचा डच पिएर गोल फुलांच्या मार्केट्रीसाठी नावाजला होता. त्याच्यानंतरच्या पिढीतील आंद्रे-शार्ल बुल याला १६७२ मध्ये लूव्हरच्या राजवाड्यात राहण्याचा आणि काम करण्याचा मान मिळाला. बुलने लोकप्रिय केलेल्या रीतीत पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पापुद्रा एकावर एक ठेवून एकाच वेळी कापत. त्यातून दोन जुळे संच निघत. एकात कवचावर पितळेची नक्षी दिसे, तर दुसऱ्यात पितळेवर कवचाची. एका श्रमात दोन वस्तू आणि वाया जाणारा माल अगदी थोडा, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान होते. मात्र तुकडा आणि त्याची जागा एकाच कापातून तयार होत असल्यामुळे पात्याच्या जाडीएवढी फट प्रत्येक रेषेभोवती राहून जाई आणि ती भरून काढावी लागे. पितळेच्या नक्षीत ही काळी रेघ खपून जाते, परंतु फिकट लाकडातील गुलाबाच्या पाकळ्यांभोवती ती डोळ्यांत खुपते.

१६५७ मध्ये राजाने पॅरिसच्या फोबूर सेंत-अंत्वान या उपनगरातील कारागिरांना शहरातील व्यवसाय-संघांच्या बंधनांतून सूट दिली आणि डच, फ्लेमिश व जर्मन कारागिरांची तेथे वस्ती वाढत गेली. या बाहेरून आलेल्या हातांशिवाय फ्रेंच मार्केट्री घडलीच नसती, असे माझे मत आहे. पंधराव्या लुईचे प्रसिद्ध लेखनमेज १७६० मध्ये झां-फ्रांस्वा एबेन याने हाती घेतले आणि त्याच्या मृत्यूनंतर झां-आंरी रिझेनेर याने १७६९ मध्ये पूर्ण केले. दोघेही जर्मन प्रदेशातून आलेले होते. ते मेज आज व्हर्सायला पाहता येते.

याच सुमारास, १७६९ ते १७७५ या काळात, आंद्रे-जाकोब रूबो या सुताराचा लाकूडकामावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. रूबो स्वतः बाकावर काम करणारा माणूस होता, आणि त्यामुळे त्याच्या चित्रांवर विश्वास ठेवता येतो. त्यात मार्केट्रीच्या कापणीसाठी जे साधन दाखवले आहे, ते पायाने आवळायचा लाकडी शिकंजा आहे. कारागीर त्यावर मांड टाकून बसतो, पायाने शिकंजा आवळतो आणि करवत मोकळ्या हाताने चालवतो. याला ‘आन’ म्हणजे गाढव म्हणत आणि इंग्रजीतही या साधनाला गाढवाचेच नाव पडले. करवतीला आधार देणारा दांडा रूबोच्या चित्रात नाही. करवत सरळ रेषेत चालवणारा सरकता दांडा या गाढवाला जोडला गेला आणि त्याचा घोडा झाला, ही घडामोड त्यानंतरची, म्हणजे १८व्या शतकाच्या अखेरीकडची आहे.

दांड्याने नेमके काय साधले, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. बुलच्या रीतीतली फट टाळायची असेल, तर तुकडा आणि त्याची जागा वेगवेगळी कापावी लागतात. तुकडा कापताना पाते रेषेच्या बाहेरच्या अंगाने न्यायचे आणि पार्श्वभूमीतील जागा कापताना आतल्या अंगाने, म्हणजे दोन्ही वेळा भुसा टाकाऊ भागातून निघतो आणि जोड बेमालूम बसतो. यासाठी एकाच चित्राच्या अनेक हुबेहूब प्रती लागतात. रांगोळीच्या छाप्यासारखी रेषेवर टोचलेल्या छिद्रांची मूळ प्रत तयार करून त्यातून डांबराची काळी पूड कागदावर पाडत आणि उष्णता देऊन ती पक्की करत. मग प्रत्येक रंगाच्या लाकडाची गड्डी बांधायची, म्हणजे एकाच जातीचे अनेक पापुद्रे, मध्ये पात्याला वंगण मिळावे म्हणून चरबी लावलेला कागद, आणि पुढेमागे संरक्षणाचे हलके लाकूड, असे सगळे बारीक खिळ्यांनी एकत्र ठोकायचे. एका कापात पाच-सहा सारख्या पाकळ्या निघाल्या, तर पाच-सहा सारखी चित्रे तयार होतात. परंतु पाते गड्डीला अंशभरही तिरपे गेले, तर वरची पाकळी मापाची आणि तळाची लहान किंवा मोठी निघते. मोकळ्या हाताने दिवसभर अचूक काटकोन धरणे मोठ्या उस्तादालाही कठीण आहे. दांडा ही जबाबदारी हातावरून उचलून यंत्रावर टाकतो.

शेवालेवर गड्डी उभी धरलेली असते आणि करवत आडवी, मागेपुढे चालते. त्यामुळे चित्र पुस्तकाच्या पानासारखे डोळ्यांसमोर राहते आणि भुसा खाली गळून पडतो. उजवा हात फक्त करवत ओढतो व ढकलतो. वळण घेण्याचे काम डाव्या हाताचे असते, तो गड्डीच फिरवतो. पाय दाबला की शिकंजा आवळतो, सैल केला की गड्डी फिरते. सरावलेल्या माणसाचे हात, पाय आणि डोळे एका तालात चालू लागतात.

बनवणाऱ्यासाठी यातील बहुतेक भाग साधे सुतारकाम आहे. बैठक, खांब, पायपट्टी आणि शिकंज्याचे दोन जबडे यांना टिकाऊ लाकूड आणि चांगले साल-खाचेचे सांधे पुरतात. करवतीची चौकट मात्र हलकी हवी, कारण जड चौकटीने मनगट लवकर थकते. खरी परीक्षा आहे ती पोलादी दांडा आणि त्यावर सरकणारा ठोकळा यांची. दांडा वरखाली, डावीउजवीकडे आणि तिरपा, असा तिन्ही प्रकारे हलवून पक्का करता आला पाहिजे, नाहीतर पाते गुण्यात, म्हणजे गड्डीशी अचूक काटकोनात, आणणे अशक्य होते. बैठकीवर बसून, पाठ ताठ ठेवून, जबड्यांची टोके डोळ्यांसमोर सोयीस्कर येतील अशी उंची आधी मोजावी आणि मगच खांब कापावा. खांब आखूड पडला तर सगळे काम मान वाकवून करावे लागते.

१९व्या शतकात नक्षीकापणी घराघरांतला छंद झाली. इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये ‘हॉबीज’ हे साप्ताहिक निघाले आणि पायाने चालवायच्या फ्रेटसॉ, म्हणजे बारीक पात्याच्या नक्षीकरवती, हौशी लोकांच्या हाती आल्या. पुढे विजेच्या करवती आणि अलीकडे लेझर आले. लेझर वेगवान आहे, पण तो कडा काळवंडवतो आणि त्याचा कापही काही जाडी खातोच. शेवालेची परंपरा टिकली ती मुख्यतः शाळांमुळे. पॅरिसमध्ये १८८६ मध्ये स्थापन झालेल्या एकोल बुलमध्ये पिएर रामों यांनी ही विद्या शिकवली. त्यांच्याकडे शिकलेले अमेरिकन कारागीर पॅट्रिक एडवर्ड्स यांनी सॅन दिएगोत फ्रेंच मार्केट्री शिकवायला सुरुवात केली. फ्रान्सबाहेरच्या हौशी सुतारांना हे यंत्र ओळखीचे होण्यात अशा वर्गांचा मोठा हात आहे.

नवे शेवाले उभे राहिले की त्यावर आधी फूल कापत नाहीत. जाडसर गड्डी शिकंज्यात धरून तिच्यात नाण्याएवढा एक गोल कापतात आणि तो बोटाने ढकलून पाहतात. गोल पुढूनही निघाला आणि मागूनही तितक्याच सहज निघाला, तर पाते गुण्यात आहे. एकाच बाजूने निघाला तर तो कोणत्या बाजूला अडतो हे पाहून दांड्याचा स्क्रू किंचित फिरवतात आणि दुसरा गोल कापायला घेतात.