माशांची टाकी, मिरगाचा पाऊस आणि केएच

मिरगाचा पाऊस लागला की परसातल्या टाकीतले मासे सुस्तावतात, खाणं सोडतात, मग आपण पीएच बघतो (आकडा जितका खाली तितकं पाणी आम्ल) आणि तो खाली गेलेला दिसला की चुना टाकून मोकळे होतो. कळकळीने सांगतो, असं नका करू. पीएच आधी बघायचाच नाही, आधी बघायचा केएच, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती शिल्लक आहे ते. आम्ल तयार झालं की तेच पीएच सावरून धरतं.

आणि आम्ल तर रोजच तयार होतं. माशांच्या घाणीतून अमोनिया येतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करतात, त्यात 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण 7 ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची हीच आम्ल सावरायची ताकद, खर्ची पडते. म्हणजे टाकी एकदम मस्त चालू असली तरी केएच उतरतच असतो.

त्यात आपलं कोकण. जांभ्यातला चुन्याचा अंश पावसाने कधीच धुऊन नेलाय, त्यामुळे इथल्या बऱ्याच विहिरींचं पाणी मुळातच मऊ, आणि वरून पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास. टाकी दोन फूट खोल असेल तर हिशोब करा, तिच्यात मावतं त्याच्या पाचपट पाणी नुसतं आभाळातून पडतं आणि बायकार्बोनेट घेऊन काठावरून वाहून जातं, पागोळ्या टाकीत पडत असतील तर विचारूच नका.

केएच संपला की पीएच दोन्हीकडे पळतो. हिरवं पाणी असेल तर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच 9 च्या वर जातो, पहाटे परत खाली. इथे अमोनियाचा खेळ कळला पाहिजे. पीएच 7 ला त्यातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त असतो. पीएच 6 च्या खाली गेला की जीवाणू जवळजवळ काम थांबवतात, अमोनिया साठतो पण त्रास देत नाही, आणि अशा वेळी चुना टाकला की पीएच उडी मारतो, तोच साठलेला अमोनिया विषारी होतो आणि मासे पटापट मरतात. म्हणून आधी थोडं थोडं पाणी बदला, मग हळूहळू केएच वाढवा.

केएच मोजायचं किट सोपं असतं, 5 मिलिलिटर पाण्यात थेंब थेंब टाकत हलवायचं, निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितक्या डिग्री, एक डिग्री म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. 5-6 डिग्री असले की बस. कमी असेल तर खायचा सोडा, 1000 लिटरला 100 ग्रॅमने साडेतीन-एक डिग्री वाढते, पण एकदम नाही, दोन-तीन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून.

कायमचा उपाय मात्र आपल्या दारातच पडलेला असतो. कालवांची, तिसऱ्यांची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, पाणी आम्लाकडे झुकलं की जास्त विरघळतात आणि पीएच 8 च्या पुढे गेला की जवळपास थांबतात, त्यामुळे जास्त झाली तरी भीती नाही. मांस काढून, धुऊन, कडक उन्हात वाळवून फोडायची आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून फिल्टरचं पाणी जिथून जोरात येतं तिथेच ठेवायची, नुसती तळाला टाकली तर गाळाखाली जाऊन उपयोगाची राहत नाहीत. टरफलांवर बुळबुळीत थर चढला की विरघळणं मंदावतं, तेव्हा मधूनमधून पिशवी काढून टाकीच्याच पाण्यात चोळून घ्यायची.